पुण्यात नवीन आलात? मेन्यू नंतर बघा, आधी घड्याळ बघा

दरवर्षी जून-जुलै आला की माझा फोन वाजायला लागतो. गावाकडच्या कुणाच्या तरी पोराची पुण्यात ॲडमिशन झालेली असते, मग रूम बघा, मेस बघा, आणि ते सगळं झालं की हळूच, मामा खायला भारी काय काय आहे तिकडं. यंदा सख्खा भाचा आलाय, लातूरहून, गरवारे कॉलेजला. येतानाच मोबाईलमध्ये टॉप वीसची लिस्ट घेऊन आला, रील बघून बघून बनवलेली. लिस्ट चुकीची नव्हती, नावं सगळी खरी होती, फक्त त्यात वेळा नव्हत्या. पहिल्याच रविवारी साहेब अकराला उठले, आंघोळ-बिंघोळ करून दीड वाजता पेठेत मिसळ खायला गेले आणि बंद शटर बघून परत आले. वर मलाच विचारतोय, "मामा, गिऱ्हाईक दारात उभं असताना कोण दुकान बंद करतं हो?"

म्हणलं बाळा, पुण्यात करतात.

तर ह्या शहरात कुठं खायचं हा नंतरचा प्रश्न, आधी किती वाजलेत ते बघायचं. मी २०१० ला आलो, नवी पेठेत कॉट बेसिसवर, एका खोलीत चौघं, आणि पहिलं वर्षभर मी पण हाच मार खाल्ला, भूक लागायची ती नेमकी चुकीच्या वेळेला. आता लग्न झालं, घरी स्वयंपाक होतो, तरी पोटात ते पेठेतलं घड्याळ बसलंय ते बसलंयच. म्हणून हे त्याच हिशोबानं लिहितोय.

सकाळी गरवारेच्या पोरांना लांब जायची गरजच नाही, कॉलेजजवळच कर्वे रोडला बिपीन स्नॅक्स आहे. हॉटेल म्हणून बसायला जाल तर फसाल, उभ्यानं खायचं, गाडीच्या सीटवर प्लेट टेकवायची आणि पटापट आटपायचं. पोहे चांगले आहेत पण मी साबुदाणा खिचडीसाठी जातो. खिचडी मोकळी असते, दाणा दाण्याला चिकटत नाही, आणि मेसच्या खिचडीचा जो गिचका असतो तो ज्यानं खाल्लाय त्यालाच ह्याची किंमत कळेल. एकादशीला मात्र सगळं पुणं तिथंच उपास करायला आल्यासारखं वाटतं. आता तर मेट्रोचं स्टेशन पण जवळ झालंय.

मिसळीवर मी फार बोलणार नाही कारण त्यावरून इथं मैत्र्या तुटतात. पण मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्यांसाठी एक सांगतो, नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळातली बेडेकरांची मिसळ पहिल्यांदा खाल ना तेव्हा तुम्हाला वाटेल ह्यात चुकून गूळ पडलाय. चुकून नाही पडलेला. ती तशीच आहे, आंबट-गोड-तिखट, आणि सोबत पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस. मी पहिल्या वेळी अर्धी सोडली होती, तिसऱ्या वेळेपासून मला ती चव कळायला लागली आणि आता दोन महिने झाले की आठवण येते. ज्यांना घाम फुटल्याशिवाय मिसळ खाल्ली असं वाटतच नाही त्यांनी सरळ कर्वे रोडला काटाकिर्रला जावं, तिथं तिखट किती हवं ते आधीच सांगायचं असतं, आणि पहिल्याच वेळी मित्रांसमोर छाती फुगवून एकदम वरचं तिखट सांगू नका, आमच्या ग्रुपमधला एक जण दुपारचं प्रॅक्टिकल बुडवून रूमवर झोपला होता त्यापायी. आणखी एक, इथं जास्तीच्या रश्श्याला 'सॅम्पल' म्हणतात. मला पहिल्यांदा वाटलं टेस्ट करायला देतायत. दोन्हीकडं जायचं तर रविवारी नऊच्या आत, नाहीतर जाऊच नका.

एफसी रोड, म्हणजे फर्ग्युसन कॉलेज रोड. ह्याचं सगळ्यांना माहितीये त्यामुळं थोडक्यात. वैशाली आणि रूपाली, दोन्ही जगन्नाथ शेट्टींनी उभी केलेली, फर्ग्युसनच्या कित्येक बॅचेस तिथल्या कॉफीवर पास झाल्या. वैशालीत नाव देऊन बाहेर थांबावं लागतं हे आख्ख्या जगाला माहितीये, पण लोक शनिवारी संध्याकाळी जातात आणि मग गर्दीला नावं ठेवतात. वर्किंग डेला सकाळी साडेसातला जा, मागच्या झाडांखालच्या बाजूला बसा, म्हैसूर मसाला डोसा आणि कॉफी घ्या. त्या वेळी तिथं सगळे मॉर्निंग वॉकवाले आजोबा असतात, राजकारणावर भांडतात, ते ऐकण्यातच अर्धे पैसे वसूल. एसपीडीपी म्हणजे शेव पोटॅटो दही पुरी, ती संध्याकाळी खायची गोष्ट आहे, सकाळी कुणी मागवताना दिसला की समजायचं नवीन आहे.

गुडलक मला जास्त जवळचं. १९३५ सालचं इराणी हॉटेल, चौकाला पण त्याचंच नाव पडलेलं. बनमस्का आणि चहा, एवढंच. मस्का आत इतका असतो की पहिल्या घासाला बाजूनं बाहेर येतो, तो बोटानं पुसून परत बनला लावायचा आणि मग बन चहात बुडवायचा, चहावर तुपाचे बारीक बारीक डोळे तरंगायला लागतात. ते बघून बायको तोंड वाकडं करते. करू दे. नॉनव्हेज चालत असेल तर सकाळचा खिमा-पाव पण. एकट्यानं गेलात तर टेबल शेअर करायला सांगतील, लाजू नका, माझी एक नोकरी अशीच शेअर केलेल्या टेबलावर ऐकलेल्या गप्पांतून लागलीय.

आता मुद्द्याचं, मेस. कारण खरं सांगू का, ह्या सगळ्या नावाजलेल्या जागा महिन्यातून चार-पाच वेळा, बाकीचे पंचवीस दिवस पोरं मेसवरच जगतात आणि त्याबद्दल कुणी रील बनवत नाही. नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रोडचा सगळा भाग एमपीएससी-यूपीएससीच्या पोरांनी भरलेला आहे, त्यामुळं मेसला तोटा नाही, गल्लीत चार सापडतील. मी आलो तेव्हा दोन वेळचे महिन्याला चौदाशे होते, आता तीन हजारांच्या आसपास धरून चाला, एरिया बघून कमी-जास्त.

मेस कशी बघायची तर लोक काय करतात, रविवारी दुपारी ट्रायल घेतात. रविवारी दुपारी फीस्ट असते! त्या दिवशी सगळ्याच मेस चांगल्या असतात, मसालेभात, पुरी, एखादा गुलाबजाम, तुम्ही खूश होऊन ॲडव्हान्स देऊन मोकळे. मंगळवारी रात्री साडेनऊला जा. त्या वेळी पातेल्याच्या तळाची भाजी आणि शेवटच्या पोळ्या येतात, तीच तुमची पुढच्या वर्षभराची खरी मेस. वरणात डाळ दिसते का बघा. आणि जेवून आल्यावर तासाभरात पोट डब्ब होऊन परत भूक लागली तर तिथं सोडा मारतायत असं समजा, दुसरी शोधा.

आणि खाडे! हे आधीच विचारून घ्या. खाडा म्हणजे तुम्ही जेवायला नव्हता तो दिवस, त्याचे पैसे पुढच्या महिन्यात वळते व्हायला पाहिजेत, पण प्रत्येक मेसचा नियम वेगळा. कुणी म्हणतं सलग तीन दिवस असतील तरच, कुणी म्हणतं आदल्या दिवशी सांगितलं तरच, कुणी म्हणतं सणाचे खाडे धरणार नाही. माझे दुसऱ्या वर्षी दिवाळीचे अकरा दिवस असेच बुडवले एका मेसवाल्यानं (नाव नाही घेत, आता ती मेस पण नाही, तिथं मोबाईलचं दुकान आहे). भांडायला गेलो तर भिंतीवरची पाटी दाखवली. पाटी कॅलेंडरच्या मागं होती. कॅलेंडर उचलून दाखवली त्यानं!

तिथून मग मी एका काकूंकडं गेलो, वाड्यात खालच्या मजल्यावर, पंचवीस-तीस मेंबर, पाटी-बिटी काही नाही. पुठ्ठ्याचं कार्ड असायचं, त्यावर तीस चौकोन दोन रांगांत, आणि काकू ताट वाढून झालं की कानामागं खोचलेल्या पेनानं चौकोनावर फुली मारायच्या. फुली मारताना तोंडाकडं बघायच्या. चेहरा उतरलेला दिसला की काही न विचारता वाटीत अजून एक पळी वरण. एकदा माझा पेपर वाईट गेला होता तर फुलीच मारली नाही, म्हणाल्या, "अर्धं पान टाकलंयस, ह्याला जेवण म्हणत नाहीत." आम्ही मराठवाड्यातली पोरं हाताला येईल त्याच्याशी शेंगदाण्याची चटणी खाणारी, त्यांनी आमच्यासाठी टेबलावर एक बरणी ठेवायला सुरुवात केली. असल्या मेस अजून आहेत, पण त्या गुगलवर नाहीत. त्या विचारून सापडतात, अभ्यासिकेतल्या सीनिअर पोरांना विचारा, जो सगळ्यात जास्त वर्षं पुण्यात आहे त्याला.

दुपारी एक ते चार पुण्यातली दुकानं बंद, हा विषय तुम्हाला जोकमधून माहिती असेल. चितळ्यांनी २०१७ ला दुपारी पण दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली तेव्हा बातम्या आल्या होत्या, म्हणजे बघा. पण पेठेतली बरीच छोटी दुकानं अजून ती वेळ पाळतात, कॅम्पातली कयानी बेकरी सुद्धा दुपारी बंद असते, त्यामुळं गावी श्रुसबेरी बिस्किटं न्यायची असतील तर सकाळी जा. सुट्टीला जाताना एसटी पकडायच्या आधी अर्धा तास कयानीला जाऊ असा प्लॅन करणारी पोरं मी दरवर्षी रडताना बघतो.

चार वाजले की चहा. आणि चहा म्हणजे अमृततुल्य, पण फ्रँचायझीवालं नाही, जुनं, जिथं पितळेचं पातेलं असतं. एकदा नीट उभं राहून बघा कसा करतात ते. मालक उंचावर मांडी घालून बसलेला असतो, समोर खलबत्ता, त्यात आलं आणि वेलदोडा, दोन ठोके, तीन ठोके, आणि ते ठोके इतके ठरलेले असतात की बाहेर रोजचा बसणारा पेपरातून मान वर न काढता सांगेल की आता चहा होत आला. उकळी वर आली की डाव घालून खाली, परत वर, परत खाली. मग फडक्यातून किटलीत गाळायचा आणि फडकं दोन्ही बाजूंनी पिळायचं. गोड असतो, भयंकर गोड, कमी साखर म्हणून सांगून उपयोग नाही कारण पातेलं सगळ्यांचं एकच. सोबत क्रीमरोल. तीन जण असाल आणि महिनाअखेर असेल तर "दोनात तीन" म्हणायचं, कुणी तोंड वाकडं करत नाही, ह्या गल्लीतून तेवढी शिकलीत पोरं.

संध्याकाळी केळकर रोडला प्रभा विश्रांती गृहाचा बटाटेवडा. पावात घालून, वर लाल चटणी मारून खायचा तो वडापाव वेगळा, हा वेगळा. हा नुसता खायचा, गरम, आलं-मिरचीची चव आणि वरून पातळ कव्हर. इथं पण घड्याळ आहेच, वडे संपले की संपले. मुंबईच्या मित्राला घेऊन जाऊ नका, तो चटणी मागेल आणि वाद होईल. कोथरूडकडं, एमआयटीच्या बाजूला राहणाऱ्यांना दुर्गाची कोल्ड कॉफी आहे, ती कॉफी कमी आणि डेझर्ट जास्त, पण उन्हाळ्यात परीक्षेच्या दिवसांत तिथली गर्दी बघितली की कळतं, एमआयटीची निम्मी पोरं तिच्यावरच जागतात. मस्तानी म्हणाल तर सदाशिव पेठेत सुजाता, आंब्याची, आणि ती जेवणानंतर नाही तर जेवणाऐवजी घ्या, ग्लासात वर आइस्क्रीमचा गोळा असतो, पोट भरतं. गणेशखिंडीकडं विद्यापीठात असाल तर तिथली रिफेक्टरी, स्वस्त, आणि झाडी इतकी की जेवण कसंही असलं तरी दिवस बरा जातो.

रविवारी संध्याकाळ. ही पुण्यातली सगळ्यात उपाशी वेळ. दुपारी फीस्ट दिलेली असते म्हणून रात्री झाडून सगळ्या मेस बंद, आणि हे नवीन पोरांना पहिल्या रविवारी रात्री आठला कळतं. तीन रस्ते आहेत. एक, जंगली महाराज रोडला संभाजी बागेसमोरच्या भागात गाड्या-स्टॉल, पावभाजी, चायनीज, ज्यूस, चौघांत मिळून भागतं. दोन, आपल्या गल्लीच्या तोंडाशी जी अंडाभुर्जीची गाडी लागते ती, आणि त्या गाडीवाल्याशी ओळख करून ठेवा, तो उधारी देतो आणि पुण्यात उधारी देणारा माणूस मिळणं म्हणजे काय ते सहा महिन्यांनी कळेल. तीन, दुपारच्या फीस्टला दांडी मारून, पैसे जमवून एसपीजची बिर्याणी खायची आणि ती पण दुपारी. सदाशिव पेठेत, एसपी कॉलेजपासून चालत. आम्ही चौघं रूम पार्टनर महिन्यातून एकदा जायचो, पुढं रात्री भूक लागायचीच नाही. त्या दिवशी रूमवर कुणी अभ्यास केला असेल तर मला नाव सांगा.

आई-वडील भेटायला आले तर त्यांना एफसी रोडला नेऊन गर्दीत उभं करू नका, त्यांचे पाय दुखतात आणि डोशाला एवढे पैसे म्हणून तुमचे पण कान दुखतात. त्यांना टिळक रोडला दुर्वांकुरला किंवा आपटे रोडला श्रेयसला थाळी खायला न्या. बिल वडीलच देतात हा एक भाग, आणि आई प्रत्येक भाजी चाखून "ह्यात काय घातलंय" हे ओळखत बसते, खूश असते. साधं जेवण हवं असेल तर टिळक रोडलाच बादशाही, नंबर लागेपर्यंत बाहेर थांबायचं, आत गेलात की गप्पा मारत बसायचं नाही, जेवायचं आणि उठायचं. माझ्या वडिलांना तीच आवडते. म्हणतात, इथं वाढपी माणसाकडं बघत नाही, पानाकडं बघतो.

सिंहगडाला जाणार असाल तर जाणारच, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, त्यावर मी काय वेगळं सांगू. फक्त चढून जा. गाडीनं वर गेलं की ते दही निम्मंच लागतं.

राहिली रात्र. पुणं लवकर झोपतं, अकरानंतर जेवण शोधणं म्हणजे कठीण काम, गणपतीचे दहा दिवस सोडले तर, तेव्हा पेठा रात्रभर जाग्या असतात आणि रात्री तीनला पण दाबेली मिळते. एरवी रात्री दोनला भूक लागली तर पाणी प्या आणि दीड-दोन तास थांबा. कारण पहाटे कर्वे रोडवरच्या नळ स्टॉप चौकात पोहे लागतात. पेपर टाकणारी पोरं, रात्रपाळी संपवून आलेले, स्वारगेटला उतरून सामानासकट आलेले, आणि रात्रभर अभ्यासिकेत बसून डोळे लाल झालेले, सगळे एका गाडीभोवती. डिसेंबरात झाकण उघडलं की वाफेत समोरचा माणूस दिसत नाही. आमचा एक मित्र, परभणीचा, पूर्व परीक्षेच्या आदल्या महिन्यात रोज यायचा, त्याचं ठरलेलं होतं, पोहे हातात आले की आधी प्लेट दोन्ही तळहातांत धरून उभा राहायचा, खायचा नाही. हात गरम करायचा. मग लिंबू पिळायचा. आम्ही हसायचो त्याला. तो आता तहसीलदार आहे, विदर्भात कुठं तरी, आणि पुण्यात मीटिंग असली की रात्री मुक्काम करतो ते फक्त त्या पोह्यांसाठी, सरकारी गाडी कोपऱ्यावर लांब उभी करून चालत येतो.

हे सगळं मी भाच्याला तोंडी सांगितलं होतं, त्यानं अर्धवट ऐकलं असेल असं वाटलं. परवा पहाटे सव्वाचारला त्याचा फोटो आला, कागदी प्लेट, पोहे, वर शेव, मागं नळ स्टॉपचा सिग्नल. खाली लिहिलंय, "मामा, वेळेवर आलो बघा."

मी विचारलं, सकाळचं लेक्चर किती वाजता आहे?

निळी टिक झालीय. उत्तर अजून आलेलं नाही.